कारवी नसलेला डोंगर

तापलेल्या रबराचा वास आला की अजून माझे तळहात ओले होतात.

नव्वदच्या दशकातला एक सुट्टीचा शुक्रवार. अबू धाबीजवळच्या मुसफ्फात माझ्यासोबत वेल्डिंग करणारा गुहागरचा सदू आणि मी दुबईकडच्या हत्ताच्या डोंगरांत गेलो होतो. "कोकणातल्या माणसाने ही ढेकळं काय चढायची!" सदू म्हणाला. दोन सुळके झाले. तिसऱ्यावर त्याच्या पायाखालचा दगड निसटला. आपल्याकडे घसरलं की हात आपोआप कारवीच्या झुडपाकडे जातो. तिथे धरायला काडी नव्हती. बुटांचे रबरी तळवे तापून वास मारत होते, खाली नुसती दरी.

"हात दे रे, हात दे!"

मी हात दिला. त्याची बोटं लागली, आणि तो मलाही खाली नेईल या भीतीने मी हात मागे घेतला. तो कोपरं सोलत एकटाच वर आला.

कामगारांच्या कॅम्पवर परतल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं, "याने खेचला म्हणून वाचलो, नाहीतर खलास!" मी चहा पीत राहिलो. तेव्हा वाटलं, घाबरल्यामुळे त्याला कळलंच नसेल. आता तसं वाटत नाही. नवऱ्याला वाचवलं म्हणून त्याची बायको दर भाऊबीजेला मला ओवाळते, तेव्हा सदू माझ्याकडे न बघता ताटातला लाडू मोडत बसतो.