घरच्याला कसला रोज

छकडीच्या शर्यतीत बैल पळतो आणि नाव मालकाचं होतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. मी ड्रायव्हर. दोन चाकांच्या त्या हलक्या गाडीवर बैलांच्या शेपटांशी ओणवं बसायचं आणि जीव खाऊन ओरडायचं, एवढंच माझं काम. काठी-चाबूक बंद झाल्यापासून ड्रायव्हरकडे गळा सोडला तर दुसरं हत्यार उरलेलं नाही. माझा गळा चांगला होता. बायको म्हणते, अजूनही आहे, पण आता तो फक्त घरात चालतो.

आमच्या मालकांना सगळं गाव शेठ म्हणायचं. त्यांची भूगावकडची जमीन बिल्डरला गेली, तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि शेठच्या हातात पैसा खेळू लागला. लोकांनी जमिनीच्या पैशातून मोटारी घेतल्या. शेठनी मोटारही घेतली आणि एक खिलार खोंडही. रंग कोसा, म्हणजे पांढऱ्यावर धूर बसावा तसा. रंगावरून सगळे त्याला कोसाच म्हणायचे. जोडीचा बैल दर मैदानाला, म्हणजे शर्यतीला, बाहेरून यायचा, पण कोसा आमचा. 'आमचा' म्हणायची सवय मला तेव्हाच लागली.

मी पिरंगुटला एका कंपनीत प्रेस मशीनवर कंत्राटी कामाला होतो. शिफ्ट सुटली की घर नाही, थेट शेठचा गोठा. कोशाला फिरवायचं, नदीत पोहायला न्यायचं, खुराक चारायचा, अंग चोळायचं. माझ्या पोरांच्या डोक्यावरून इतका हात फिरवला नसेल तेवढा मी त्या बैलाच्या पाठीवरून फिरवला. गोठ्यातलं आवरलं की वहिनी, म्हणजे शेठच्या मंडळी, मला आत स्वयंपाकघरात बसवून वाढायच्या. बाकीचे बैलगाडीवाले ओसरीवर जेवायचे, मी आत. बाहेरचं कुणी आलं की शेठ माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि सांगायचे, "ह्यो ड्रायव्हर न्हाई, घरचा माणूस हाय." ते ऐकलं की माझी छाती दोन इंच फुगायची. तीन हंगाम मी त्या दोन इंचांवर काढले.

दुसऱ्या मालकांचे ड्रायव्हर मैदानाला निघायच्या आधी बोली करायचे. इतका रोज, जिंकलं तर इतकं वर. आम्ही त्यांना हसायचो. मी जरा जास्तच हसायचो. माझा रोज कधी ठरलाच नव्हता. गुलाल पडला की फेटा, नारळ, आणि शेठ खिशातून काढतील ते. ते मी मुठीत घ्यायचो आणि तसंच खिशात टाकायचो. मोजलं तर घरचेपणाला बट्टा लागेल असं वाटायचं.

तिसऱ्या हंगामात एका मैदानात चाक निखळलं आणि मी खांद्यावर पडलो. हाड मोडलं. खोटं कशाला बोलू, दवाखान्याचा सगळा खर्च शेठनी केला. वहिनींचा डबा दोन वेळा यायचा. पण दोन महिने मी कंपनीत गेलो नाही आणि कंत्राटदारानं माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला. कोशानं त्याच हंगामात दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर मोटरसायकल जिंकली. त्या ड्रायव्हरचा रोज मैदानातच दिला गेला, हे मला घरी पडल्या पडल्या कळलं.

बायकोनं महिनाभर कळ काढली. मग एक दिवस भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मागितल्याबिगर आईबी वाढत न्हाई. तीन वर्सं राबलासा तितं. घरजावई हाय का तुमी त्यांचं?"

मी गेलो. शेठ ओसरीवर बसले होते, समोर चार-पाच माणसं. एकटे असताना विचारायला हवं होतं, पण एकट्यात माझी जीभ उचलली नसती. मी म्हणालो, "शेठ, माझं मैदानाचं कायतरी ठरवा. मागचं बी बघा जरा."

शेठ हसले. त्यांना खरंच चेष्टा वाटली. "येडा का काय तू? घरच्याला कसला रोज?"

समोरची माणसंही हसली. ते हसू मला सोसलं नाही. मी म्हणालो, "घरचा हाय ना मी? मग सातबाऱ्यावर नाव चढवा माझं."

मुळशीत माणूस आईवरून शिवी ऐकून घेईल, पण सातबाऱ्यावरून बोललेलं नाही. त्यात शेठचं दुखणं वेगळंच होतं. भूगावच्या त्याच जमिनीवरून सख्ख्या भावाशी त्यांचा दावा चालू होता. भाऊ कित्येक वर्षं उंबऱ्यात आला नव्हता, आणि घर सोडताना त्यानं ओसरीवर उभं राहून नेमकं हेच मागितलं होतं. बोलण्याच्या भरात मला ते आठवलं नाही, असं मी लोकांना सांगतो. आठवलं होतं. म्हणून तर बोललो.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. शेठ ओरडले असते, अंगावर आले असते, तर बरं झालं असतं. ते खाली बघत म्हणाले, "बरं. बसवू बैठक."

आठ दिवसांनी देवळात बैठक बसली. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. कुठल्या मैदानात काय झालं, सगळं पाठ करून. काही उपयोग झाला नाही. पंचांनी तालुक्यातल्या चांगल्या ड्रायव्हरचा रोज धरून तिन्ही हंगामांचं देणं सांगितलं आणि शेठनी एक शब्द न बोलता सगळं पुढं ठेवलं. मग पद्धतीप्रमाणे दोघांनी तळहातावर भंडारा घेतला आणि म्हटलं, "येणं न्हाई, देणं न्हाई." उठताना शेठ म्हणाले, "तुमी बघून घ्या येकदा, बराबर हाय का."

ते कुणाला 'तुमी' म्हणताहेत ते बघायला मी मागं वळलो. मागं भिंत होती.

पैसे माझे होते. माझ्या हाडामासाचे होते. पोरांची फी भरली गेली, घरभाड्याचा तगादा थांबला. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही, आणि तरी ते 'तुमी' आठवलं की मी ताटावरून उठतो. दोन्ही खरं आहे.

खांदा सांधल्यावर मी आणखी दोन मैदानं केली. कोशानं माझा आवाज ओळखला, कान मागं घेतले आणि असा पळाला की पुढं कुणीच नव्हतं. मी जू उतरवतोय तोवर शेठनी रोज हातात दिला, नव्या नोटा. शेठच्या घरी आलो तर वहिनींनी माझं ताट ओसरीवर आणलं. पापड होता, शिरा होता, आग्रह होता. तिसऱ्या मैदानाला मी खांदा दुखतो म्हणून निरोप पाठवला. कुणी बोलवायला आलं नाही. रोजावरच्या माणसाची कोण मनधरणी करतं? मी दुसऱ्या कंपनीत लागलो.

पुढच्या वर्षी लंपीची साथ आली. कोशाच्या अंगावर गाठी उठल्या आणि पाचव्या दिवशी तो गेला. मला कुणी कळवलं नाही. कामावर जाताना पौड रस्त्याला बसमधून फ्लेक्स दिसला. कोसा मान उंच करून उभा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली शोकाकुल मंडळींची नावं. दूधवाल्याचंसुद्धा नाव होतं. माझं शोधेपर्यंत बस पुढं गेली, म्हणून संध्याकाळी मुद्दाम उतरून पाहिलं. नव्हतं.

आमच्याकडे शर्यतीचा बैल गेला की घरची माणसं त्याचा दहावा घालतात आणि डोकी करतात, म्हणजे केस उतरवतात. बायकोला सांगून मी टोपी न घालता नदीवर गेलो. शेठ, त्यांचे दोन्ही मुलगे आणि पुतणे केस काढायला ओळीनं बसले होते. भावाचे मुलगे आले होते, त्याचं मला नवल वाटलं. ओळीच्या शेवटी मी बसलो. न्हाव्यानं वाटीतलं पाणी बोटांनी ढवळलं आणि माझ्याकडे बघून सहज विचारलं, "हे घरचंच ना?"

शेठनी मान वळवली. रडून डोळे लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, 'घरचा हाय' म्हणतील.

"पाव्हण्यास्नी आदी च्या द्या रं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग मला म्हणाले, "तुमी कशाला येवढा तरास घेतलासा."

मी ओळीतून उठलो. सतरंजीवर पाहुण्यांत बसून चहा प्यायलो, शेठना हात जोडले आणि निघालो. घरी बायकोनं डोक्यावरून घ्यायला पाणी तापत ठेवलं होतं. मी दारात उभा राहिलो तशी तिची नजर माझ्या केसांवर गेली. ती आत गेली आणि तिनं गॅस बंद केला.