बर्फ जरा जपून

दारूबद्दल इतकं बोललेला आणि दारूला इतका कमी शिवलेला माणूस वसईत माझ्या बायकोच्या मामांखेरीज दुसरा झाला नसेल. मामा जाऊन वर्ष झालं. परवा चर्चमध्ये त्यांच्या नावाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती. देवळातून परतताना बायको म्हणाली, "किती छळलं हो आपल्याला मामांनी!" आणि रडू लागली. दोन्ही गोष्टी मला पटल्या.

मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या क्लबात मामांनी उमेदीची सगळी वर्षं बारच्या काउंटरपाशी उभ्याने काढली. दारूबंदीच्या दिवसांतही तिथे परमिटवाले साहेब येत. आधी गोरे, मग आपले. नोकरी संपवून मामा आमच्या गावी, सांडोरला परतले, तेव्हा लोक भांडीकुंडी आणतात तशी त्यांनी साहेबांची इंग्रजी आणली, आणि ती ठेवायला घरात जागा नसल्यासारखी गावभर मांडली. आमच्याकडे चहा विचारला की "स्मॉल" म्हणायचे. पेज आवडली की वाटी पुढे करून "सेम अगेन". निघताना उंबऱ्यात पाण्याचा घोट घेत "वन फॉर द रोड". रस्ता म्हणजे आमच्या विहिरीपासून त्यांच्या पडवीपर्यंत. सणासुदीला कुणी नुसतं "व्हिस्की द्या" म्हणालं की संपलंच. "कुठली? किती? पाण्यात की सोड्यात? व्हिस्की मागतोस की रॉकेल?" तो बिचारा शेवटी सरबतावर यायचा.

मागण्याच्या शब्दांवरून ते माणसं ओळखत. "जस्ट अ ड्रॉप म्हणणाऱ्याला थेंब देऊन बघा, मास्तर. पुन्हा तोंड बघणार नाही तुमचं." (मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून भाचीचा नवरा असूनही मी मास्तरच राहिलो.) "अ क्विक वन म्हणणारा सगळ्यात शेवटी उठतो. आणि नुसतं द यूजुअल म्हणतो ना, त्याचं घरी बरं चाललेलं असतं." मी एकदा विचारलं, "मामा, व्हिस्की लागते कशी हो?" तर म्हणाले, "मला काय ठाऊक? पण साहेबांचा चेहरा बघून ती कडूच असणार."

लग्नांत तर ते सरकारी निरीक्षकासारखे वावरत. आमच्याकडे जेवणाआधी कुणी शिकलेला माणूस उभा राहून नवरानवरीबद्दल चार शब्द बोलतो, मग सगळे पेले उंचावतात. त्याला टोस्ट म्हणतात. एका लग्नात निवृत्त हेडमास्तरांनी छान भाषण करून शेवटी "चीअर्स" म्हटलं. मागच्या रांगेतून मामा ओरडले, "चीअर्स बारमध्ये! इथे टू द ब्राइड अँड द ग्रूम! पुन्हा!" हेडमास्तरांनी घाबरून सगळं भाषणच पुन्हा केलं. जेवण निवलं. नवरीच्या बापाने पुढे मामांना बारशालासुद्धा बोलावलं नाही.

हे सगळं आम्ही सोसत होतो. पण मग बस्त्यावची गोष्ट आली. बस्त्याव हा मामांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे आमच्या मावशीचा एकुलता एक मुलगा. मावशी विधवा. केळीच्या वाडीत एकटीने राबून तिने त्याला मॅट्रिक केलं होतं आणि तिचे गुडघे आता जाब विचारू लागले होते. तेवढ्यात प्रवासी बोटीवर बारमध्ये माणसं घेणार असल्याची बातमी आली. मामा छाती काढून म्हणाले, "बाय, तू बघच. पोर माझ्या ताब्यात दे." मावशीने दिला. पावसाळाभर मामांच्या पडवीतून इंग्रजी ऐकू येत होती आणि मावशी वाडीत केळ्यांचे फणे मोजायचं सोडून ऐकत राहायची.

मुलाखतीला मुंबईत टेबलामागच्या गृहस्थाने बस्त्यावला सांगितलं, "समजा हा बार आहे आणि मी गिऱ्हाईक आहे. कर सुरू." बस्त्यावने समोरची खुर्ची ओढली, पायावर पाय टाकला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाला, "व्हिस्की, लार्ज. बर्फ जरा जपून. आणि लवकर आण, माय गुड मॅन."

गृहस्थाने त्याचे कागद परत केले.

आम्हाला उलगडा व्हायला तो संध्याकाळी घरी यावा लागला. मामांनी त्याला सगळं शिकवलं होतं, पण सगळं साहेबांचं. तेच त्यांनी उभा जन्म ऐकलं होतं. मावशी पडवीच्या पायरीवर उभी राहून एवढंच म्हणाली, "क्लबात तू चाकर होतास की साहेब रे, दादा? माझ्या पोराला कुणाची भाकरी शिकवलीस?" आणि त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणं टाकलं. दोन घरांमध्ये एक कुंपण. पण निरोप माझ्यामार्फत.

दुसऱ्या मुलाखती महिन्याभराने होत्या. मामा माझ्याकडे आले. "मास्तर, आता चाकराचं शिकवायचं. पण मी काय बोलायचो तेच आठवत नाही. येस सर म्हणायचो. बाकी हातच बोलायचे." ते स्वतः साहेब होऊन बसले, पण बस्त्याव ट्रे घेऊन आला की ताडकन उठून त्याच्या हातातला ट्रे घेत. बसून कुणाकडून काही घ्यायचं त्यांना जमेना. "तुम्ही साहेब व्हा," मामांनी फर्मावलं. मी कधी ताडीही चाखलेली नाही. तरी रोज शाळेतून आल्यावर मी त्यांच्या अंगणात खुर्चीत बसून कोकमाच्या सरबताला व्हिस्की म्हणू लागलो. मामा माझ्या खांद्यामागे उभे. "असा नाही बसत साहेब! तुम्ही वह्या तपासायला बसलाय! रागवा जरा! सोडा जास्त झालाय, बोला!" मी रागावलो की त्यांचे हात आपोआप हलत, पुसत, झाकण उघडत, आणि त्या हातांमागून एकेक वाक्य बाहेर येई: "व्हॉट विल यू हॅव, सर?" "शाल आय टॉप इट अप, सर?" ते येताच मामा ओरडत, "हे! हेच! बस्त्याव, म्हण!" एकदा पाद्री रस्त्याने जाताना थांबले आणि हळूच म्हणाले, "काय मास्तर, घरी काही त्रास आहे का?" शाळेतल्या दोन शिक्षिकांनी घरी येऊन बायकोला धीर दिला. मी मामांवर इतका कावलो होतो की मुलाखतीनंतर त्यांचं तोंड बघायचं नाही, असं ठरवलं होतं.

बस्त्याव पास झाला. तो बोटीवर गेला, मावशीने वाडी खंडाने दिली. मामांकडे तिने माझ्या हाती पिकल्या केळ्यांचा एक फणा पाठवला. बोलली मात्र नाही. "दादाला सांगा, केळी तयार आहेत, उद्यापर्यंत टिकायची नाहीत." मामा म्हणाले, "बायला सांगा, मिळाली." झालं! हे दोन हट्टी जीव मला कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पळवत राहिले. आणि मामांची इंग्रजीही त्यानंतर ओसरली. चहा विचारला की नुसती मान हलवत. आम्हाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. बायको म्हणाली, "मामा बरे नाहीत."

नव्हतेच. ते अंथरुणाला खिळले तसा मी दुपारी त्यांच्याजवळ पुस्तक घेऊन बसू लागलो. एके दुपारी दारात मावशी उभी दिसली. गुडघ्यावर हात ठेवून ती हळूहळू आत आली. मी उठून तिला स्टूल दिलं, पण ती बसली नाही. भावाच्या उशाशी उभी राहिली. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं, आता मलाच निरोप सांगावा लागणार.

"काय पाहिजे तुला, दादा?" मावशीने विचारलं. आवाज तिचा नेहमीचाच, वाडीत मजुराला हाक मारावी तसा.

मागायचे सगळे शब्द ज्यांना येत होते, त्या मामांनी उशीवरून जरा डोकं उचललं.

"पाणी दे, बाय," ते म्हणाले. "आणि बस जरा."

तिने पाणी दिलं. मग ती बसली. मी पुस्तक मिटलं आणि घरी आलो.