काचेच्या पेटीत खाचराची माती

लग्न होऊन मी मुळशीला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन लुगडी, एक पितळी डबा आणि समुद्राचं पाणी घातलेली काचेची पेटी होती. माझे वडील कोकणात बंदरावर कारकून. विलायतेला परत जाणाऱ्या कुणा साहेबाने ती पेटी टाकून दिली आणि वडिलांनी उचलली. फुकटची वस्तू आमच्या घरात कधी कुणी नाकारली नाही. तळाला शिंपल्यांची पांढरी वाळू, वर वीतभर खारं पाणी, त्यात बोटाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा एक मासा आणि शंखात राहणारा एक खेकडा. घाटात पेटीला डोली मिळाली आणि नवरी पायी चढली. पोरीला समुद्राची आठवण येऊ नये म्हणून दिली म्हणे. अहो, ती पेटी बघूनच तर मला रोज रडू यायचं! पण तो मासा माझ्या माहेरचा होता आणि तो जगायला हवा होता.

मुळशीत कालवणाचे मासे माहीत, बघायचे नाहीत. येईल तो विचारी, ह्याचं कालवण कधी? सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी एकदा बोट बुडवून पाणी चाखलं, अळणी वाटलं म्हणून वर मूठभर मीठ टाकलं. मासा दोन दिवस तिरपा पोहत होता. तरी रोज सकाळी मी तांब्यातांब्याने तेच पाणी काढून उंचावरून परत पेटीत ओतायची, म्हणजे त्यात वारा मिसळतो. शेजारणी दारात उभ्या राहून बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या.

ते दिवस धरणाचे. भिंत वर चढत होती आणि पुढच्या पावसाळ्यात आमचं घर, चार खाचरं, सगळं पाण्याखाली जाणार हे ठरलेलं होतं. आमच्या ह्यांनी धरणाच्या पाण्याबाहेर, रिहे गावाला जागा बघून नवं घर उभं करायला घेतलं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मात्र हलायला तयार नव्हते. बैलगाडी आणू का विचारलं की ते उठून खाचराकडे चालू लागत. भांडत नसत, ओरडत नसत, नुसते जात. आत्याबाई म्हणत, ह्या माणसाला पाण्यानंच उचलून न्यावं लागणार. म्हणताना हसत, आणि मग चुलीकडे तोंड करून लाकडं सारत.

त्यातच भातकापणीच्या सुमाराला माझ्या पेटीतली वाळू काळी पडली. वर पांढरी, खाली काजळ, आणि हलवली की सडक्या अंड्याचा वास. मी वडिलांना पत्र टाकलं. उत्तर आलं, मीठवाल्यांच्या बैलांबरोबर नवी वाळू पाठवतो, पण तळ एकदम बदलू नकोस, आधी अर्धा काढ, पंधरा दिवसांनी उरलेला. मी ते पत्र आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे ओसरीवर मामंजींना ऐकू जाईल. सासऱ्यांशी थेट बोलायची तेव्हा रीत नव्हती. त्यांना जे सुनवायचं ते मी गोठ्यातल्या म्हशीला सुनवायची, आणि म्हैस फार ऐकून घेत असे.

तळाचा विषय निघाला आणि मामंजींचे कान टवकारले. जमिनीतलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता, आणि तो खराही होता. गोड्या जमिनीपुरता. मी अर्धी वाळू काढून अंगणात धुवायला ठेवली आणि नदीवर गेले. परत येते तो अंगणात धूर! मामंजींनी त्या वाळूवर शेण, पालापाचोळा, वर माती असं रीतसर रचून राब भाजायला घेतला होता. भाताचं रोप टाकायचं तर वाफा आधी भाजावाच लागतो, मग माशाचा तळ बिनभाजलेला कसा चालेल? उन्हाळ्यात भाजायचा राब कापणीच्या दिवसांत कुणी लावला म्हणून अर्धं गाव गोळा झालं. मामंजी सगळ्यांना गंभीरपणे सांगत होते, सूनबाईच्या दर्याचा वाफा हाय. त्या संध्याकाळी म्हशीला माझ्याकडून बरंच ऐकावं लागलं.

इथवर ठीक. मीठवाल्यांची वाट बघत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी धुणं घेऊन घरी आले, पेटीकडे बघितलं, आणि हातातली बादली खाली आपटली. पेटीत नाचणीची आंबील भरल्यासारखं दिसत होतं. मासा नाही, खेकडा नाही, काही नाही. मामंजींनी उरलेली वाळू हाताने उपसून टाकली होती आणि आपल्या नदीकाठच्या खाचरातली चिकण माती आणून तळाला थापली होती. आत्याबाईंनी कपाळाला हात लावून सांगितलं, म्हणतात कसे, ज्या मातीत आंबेमोहोर पिकतो तिच्यात बोटाएवढा मासा मरंल व्हय?

मला इतका संताप आला की म्हशीपर्यंत जायलाही धीर निघेना. चुलीपाशीच बसून मी धाय मोकलून रडले. माहेरचं म्हणून एवढंच उरलं होतं, तेही ह्या म्हाताऱ्याने चिखलात घातलं. तीन दिवस मी त्यांच्या ताटात भाकरी टाकली ती वरून टाकली. ते मुकाट जेवायचे आणि पेटीसमोर जाऊन बसायचे. तीन दिवस ते खाचराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. गढूळ पाण्यात काय बघत होते कोण जाणे.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. मामंजींनी मला हाक मारली. मी जागची हलले नाही. त्यांनी परत मारली तेव्हा गेले.

मासा जिवंत होता! काचेच्या कडेला मातीत छोटंसं बीळ करून त्यातून तोंड बाहेर काढून बसला होता. खेकड्याने त्या गुळगुळीत मातीवर शंख ओढत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा पाडल्या होत्या.

मामंजींनी त्या रेघांकडे बोट दाखवलं. म्हणाले, "नांगराचं तास वाकडं घालतोय."

मी हसू दाबलं. ते हसले नाहीत. काचेला नाक लावून तळाच्या मातीकडे बघत राहिले, आणि मग माझ्याशी, थेट माझ्याशी, बोलले.

"पान्याखाली गेल्यावर आपल्या जमिनीचं काय व्हतं, ते बघायचं व्हतं मला. काय बी व्हत न्हाई, पोरी. नुसती पडून ऱ्हाती."

पदर सावरायचंही सुचलं नाही. मी म्हटलं, "मामंजी, मासा जगला."

"व्हय," ते म्हणाले. "त्येचं बरं झालं."

मग ते उठले, पायरीवर बसून हात धुतले आणि आत्याबाईंना विचारलं, रिह्याची गाडी कवा येनार हाय.