बायकांचं दार

नगरमधली बंद पडलेली थेटरं शोधत फिरायचा नाद मला रिटायर झाल्यावर लागला. एकाच्या जागी आता पार्किंग आहे, एकाचं मंगल कार्यालय झालं, एकाच्या भिंतीतून पिंपळ वर आलाय आणि तिकिटाच्या खिडकीखाली कुत्री व्यालीय. अशा ठिकाणी भर दुपारीसुद्धा माझ्या अंगावर काटा येतो. एवढी माणसं इथे एकदम हसली, एकदम मुसमुसली, आणि आता आत कोणीच नाही, हे मनाला पटत नाही. बायको म्हणते, घरातले पंखे पुसायचे राहिलेत, आधी डोक्यातलं हे भूत उतरवा.

फोटो काढून आणले की मी ते आईला मोबाईलवर दाखवायचो. पण तिला एकच थेटर बघायचं होतं, आणि माझ्या प्रत्येक फोटोला ती म्हणायची, "हे न्हाई."

ते थेटर तिला का हवं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी जन्मायच्या आधीची गोष्ट. आई आणि तिची धाकटी बहीण कर्जतकडच्या. आई लग्न होऊन नगरला आली, मावशी कोपरगावला, ऊसवाल्यांच्या घरात. एका दिवाळीला मावशी आईकडे राहायला आली आणि दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. इंटरव्हलला दारावरच्या बाईनं आत हाक दिली, "कोपरगावची कोन हाय? भायेर बोलवलंय." मावशी उठली. "जागा धर, आलेच," म्हणाली. बायकांच्या बाजूला नंबराच्या खुर्च्या नव्हत्या, नुसती बाकडी. आईनं शेजारच्या जागेवर तळहात टेकवला आणि खेळ संपेपर्यंत उचलला नाही. त्या जागेवरून एका बाईशी कडाकडा भांडलीसुद्धा. मावशी आलीच नाही.

घरी आल्यावर शेजारणीनं सांगितलं की मावशीचा दीर येऊन गेला. उसाला तोड आली होती, तोडणीच्या धबडग्यात घरी हात हवे होते. त्यानं आधी घरून तिची पिशवी उचलली, मग थेटरावर जाऊन तिला बोलावून घेतलं आणि तिथूनच एसटीत बसवून नेलं.

आईला राग आला तो दिराचा नाही, बहिणीचा. आत येऊन दोन शब्द सांगायला काय झालं होतं? त्या रागात ती मावशीच्या डोहाळजेवणाला गेली नाही. पुढे बाळंतपणात मावशी गेली. राग मात्र राहिला, आणि तो काढायला माणूसच उरलं नाही.

"कसं होतं गं ते थेटर?" मी विचारायचो.

"बोळात हुतं. कडंला गटार. हिरवं दार."

"आई, थेटर कधी बोळात असतं का? थेटर चौकात असतं."

"तू गेल्तास का मी गेल्ते?"

मी मनात म्हणायचो, वय झालं, विसरायला लागली. फोटोंवर फोटो दाखवत राहायचो आणि ती मान हलवायची.

मग गेल्या उन्हाळ्यात एका थेटरामागे मी सावलीला म्हणून वळलो. समोरून त्याचे फोटो मी केव्हाच काढले होते. आता ते पेंडीचं गोदाम आहे. मागे अरुंद बोळ, कडेला गटार. भिंतीत हात जाईल एवढीच एक खिडकी, विटांनी बुजवलेली, आणि तिच्यावर पुसट रंगात लिहिलेलं, "स्त्रिया". शेजारी एक दार. खालच्या फळीला हिरव्या रंगाचे पोपडे अजून धरून होते. मी कपाळावर हात मारला. थेटरं मी सगळी समोरून शोधत होतो, आणि समोरून पुरुष जायचे. बायकांचं तिकीट, बायकांचं येणं-जाणं सगळं या बोळातून. आईनं जे तोंड कधी पाहिलंच नव्हतं, त्याचेच फोटो मी तिला दाखवत होतो.

दुसऱ्याच दिवशी तिला रिक्षातून घेऊन गेलो. बोळाच्या तोंडाशीच तिनं माझा हात सोडला आणि पुढे झाली. दारावरून तिनं वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"ह्याला भायेरून कडीच न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"आतून अडसर हुता. घंटा झाली की दारावरची बाई तो घालायची आन् सोता खेळ बघत बसायची. पोरं घुसू नयेत म्हनून. बंद झालेलं हे दार मी कायम आतूनच बघितलं रं. भायेर ऱ्हाईली ती ऱ्हाईलीच."

मग ती म्हणाली, "तू आत जा. मी वाजवते. ऐकू येतंय का बघ."

मी वळसा घालून पुढे गेलो, राखणदाराला विचारलं आणि पोत्यांमधून वाट काढत दाराच्या आतल्या बाजूला पोचलो. पडद्याच्या भिंतीवर पांढरा चौकोन अजून दिसत होता. इथेच कुठेतरी आईनं तळहात टेकवून जागा धरली होती. मला तिथे उभं राहवेना.

तेवढ्यात थाप पडली. आधी हळू, मग जोरात. स्वच्छ ऐकू येत होती. मी स्वतःला समजावलं, तेव्हा आत गाणी असतील, शिट्ट्या असतील, पोरं रडत असतील. पण दाराजवळच्या बाकावर ऐकू गेलंच असतं, हेही मला कळत होतं. थाप थांबत नव्हती. बाहेर आईच आहे हे ठाऊक असूनही अडसराला हात लावायचं मला धाडस झालं नाही. मी भ्यालो होतो.

परत बोळात आलो. तिचा तळहात लाल झाला होता.

"आलं का ऐकू?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच नाही."

ती दाराकडे वळली. "मग वाजवलं असंल तिनं," म्हणाली. "लई वाजवलं असंल."

आणि दाराला कपाळ टेकून आई रडायला लागली. बहिणीसाठी तिला रडताना मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती थाप मला अजून ऐकू येते, आणि ते मी तिला कधीच सांगणार नाही.