राहिलेला एक कान

महाराष्ट्र राज्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. मोताळ्याच्या बाजारात काठ्या कोरणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. गुडघ्यांत काठी दाबून तो पटाशी चालवायचा, ढलप्या फुंकायचा आणि कोरल्या जागेवरून अंगठा फिरवत बसायचा.

पडल्यापासून वडील माझ्या हाताला धरूनच चालत. मी पुरता थकलो होतो. त्यांच्यासाठी बैलाचं तोंड कोरलेली काठी सांगितली, पण प्रत्येक बाजाराला ती अर्धवटच.

“बैल हाये का गाढव बे?” वडील त्याला विचारत.

“कान होऊ द्या बाबा, मंग सांगतो.”

एकदा वडील समोर चहाला बसले तेव्हा मी त्याच्यावर चिडलो. तो हळूच म्हणाला, “मी तं कवाच केली असती, भाऊ. बाबाच म्हन्तात, एक कान राहू दे. काठी झाली का पोरगा हात सोडते.”

मी चहाच्या दुकानाकडं पाहिलं. मग म्हणालो, “आज करून टाका.”

माझ्याकडं न बघता त्यानं पटाशी उचलली.

परतताना वडील काठी टेकत एकटेच चालले. मी हात पुढं केला नाही. आज खरं सांगतो, त्या वाटेवर मला हलकं वाटत होतं.