आप्पांचा बोकड आन् आमचा बचाव

मंडळी, डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहितोय.

आज दौंडला हॉकीची सेमीफायनल व्हती. आमची टीम शिरूरची, निम्मी पोरं रांजणगावला कंपनीत कामाला. समोरची टीम दौंडचीच, आमच्यापेक्षा लय भारी. म्हणून कोच म्हणून मी ठरवलं, सगळ्यांनी मागं थांबायचं, गोल खायचा न्हाई आन् मॅच शूटआउटला न्यायची. तिथं आमचा गोलकीपर कुणाला ऐकत न्हाई. आमच्या क्लबचे अध्यक्ष आप्पा, त्यांनाबी सकाळी चहा पिताना हे समजावलं. "व्हय, बराबर हाय," म्हणाले.

मॅच संपत आली तरी शून्य-शून्य. तेवढ्यात आप्पांनी माईक घेतला. "आता जो गोल करंल त्याला माझ्याकडून बोकड!"

झालं! आमचे बचावाचे गडी सगळे पुढं पळाले. मी घसा फुटंस्तोवर ओरडलो. मागं गोलकीपर एकटा. दौंडवाल्यांनी बॉल हिसकावला आन् गोल केला.

माईकवरचा शब्द आप्पांनी पाळला. बोकड दौंडवाल्यांच्या टेम्पोत चढवला, हार घालून फोटो काढला. वर मलाच म्हणाले, "कोच, तुमच्या पोरांना शिस्त न्हाई."

समोरच्यांना अडवायला मी शिकवलं व्हतं. आपल्याच माणसाला कसं अडवायचं, हे कुणाला माहीत असंल तर सांगा.