गळती थांबली की निघू

गाडी चालवण्यासाठी विकत घेतात, हा जगाचा गैरसमज माझ्या मामेसासऱ्यांनी एकहाती खोडून काढला. त्यांच्या मते गाडी ही खालून बघायची वस्तू आहे. मुलुंडला त्यांच्या इमारतीच्या आवारात एक लालभडक, दोन दारांची, टर्बो इंजिनाची जपानी गाडी उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. ते पाय मामांचे. सोसायटीतली निम्मी माणसं मामांना चेहऱ्यापेक्षा तळव्यांवरून ओळखतात. कुरियरवाला पायांशी बोलतो, सेक्रेटरी नव्या फरशीवरच्या डागांवरून पायांशीच भांडतो, आणि वाद वाढला की उजव्या पायाचा अंगठा हलायला लागतो. तो हलला की आपण निघावं, हे आता सगळ्यांना कळलेलं आहे.

आयुष्यभर विम्याच्या कचेरीत दुसऱ्यांच्या अपघातांचे दावे तपासलेल्या माणसाने निवृत्तीनंतर असली शर्यतीची गाडी का घ्यावी, हे मला अजून कळलेलं नाही. पवईच्या कुणा हौशी पोराने ती विकायला काढली होती. मामांनी इंजिनाचा आवाज ऐकला, देवळात मिटावेत तसे डोळे मिटले आणि गाडी घेऊनच घरी आले. मामींना म्हणाले, "पहाटे निघालो तर संध्याकाळचा चहा तुझ्या दादाकडे." मामींचं माहेर मालवणकडे. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून स्टेशनचे जिने त्यांना चढवेनात, आणि थोरला भाऊ दम्यामुळे गाव सोडू शकत नव्हता. कित्येक वर्षं बहीणभाऊ फोनवरच भेटत होते. मामींनी त्याच दिवशी त्याला कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली तेलाचे थेंब दिसले.

आता थेंब म्हणजे थेंबच. बाटलीभर तेल सोबत घेऊन कुणीही निघालं असतं. पण मामा पडले जावई. लग्नानंतर एकदा ते स्कूटर घेऊन सासुरवाडीला गेले होते आणि गणपतीसाठी नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्या स्कूटरने तेल सांडलं होतं. "भावोजींनी आमच्या अंगणात सही केल्यानी!" असं म्हणून मामींचा दादा पोट धरधरून हसला होता. तो ते त्याच दिवशी विसरला असणार. मामा विसरले नाहीत. "तुझ्या भावाच्या अंगणात थेंब पडता कामा नये," असं त्यांनी मामींना बजावलं, "गळती थांबली की निघू."

मग तो यज्ञ सुरू झाला. गॅरेजवाल्याच्या हाती गाडी देणं म्हणजे मामांना सख्खं मूल दत्तक दिल्यासारखं वाटे, त्यामुळे सगळं घरीच. दर रविवारी माझी नेमणूक उजेडासाठी बॅटरी धरायला. तेल नेमकं कुठून येतं ते कळावं म्हणून ते इंजिन पुसून त्यावर मामींची अंगाला लावायची पावडर भुरभुरवत. जिथे ओली रेघ उठेल तिथे गळती. सगळं आवार चाफ्याच्या वासाने घमघमायचं आणि मामी वरून ओरडायच्या, "अहो, नवा डबा होता तो!" साकीनाक्याहून गॅस्केट, म्हणजे फट बुजवायची रबरी पट्टी, आणून मामांनी इंजिनाच्या झाकणाखाली बसवलं आणि नट इतके आवळले की ते बिचारं चेपून दोन्ही बाजूंनी गळू लागलं. मी म्हटलं, "मामा, जास्त घट्ट होतंय." तर म्हणाले, "जावईबापू, बॅटरी सरळ धरा." रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी दात घासायच्या आधी तो चष्मा लावून वाचायचा, असा त्यांचा नेम होता. लोक राशिभविष्य वाचतात, मामा पुठ्ठा वाचत.

मालवणहून अधूनमधून फोन यायचा. मामी तो गाडीखाली द्यायच्या. "भावोजीनू, गाडी कधी येतली?" पलीकडून धाप लागलेला आवाज विचारायचा. "आलोच, थोडं काम राहिलंय," इकडून पाय सांगायचे. मामी एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, दादाला काय पडलंय तुमच्या थेंबाचं? तो माणसांची वाट बघतोय." मामा म्हणाले, "तू नको सांगूस. तुझ्या भावाचं तोंड मला ठाऊक आहे." मामींची बॅग दिवाणाखाली भरून ठेवलेली असायची. खराब होतील म्हणून त्यातले भावासाठीचे लाडू काढायच्या आणि नवे करून ठेवायच्या. काढलेले लाडू मी खायचो, आणि खाताना बरं वाटायचं नाही.

शेवटी मामांना दोष सापडला. इंजिनातली वाफ बाहेर जायची नळी तुंबली होती, म्हणून आत दाब वाढून तेल मिळेल त्या फटीतून वाट काढत होतं. इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नवी नळी मागवली. "येत्या रविवारी बसवली की निघालोच!" असं त्यांनी मालवणला स्वतः फोन करून सांगितलं.

नळी यायच्या आत मामींच्या भाच्याचा, दादांच्या मुलाचा, फोन आला. दादा गेले होते.

मामांनी पुठ्ठा ओढून बाजूला टाकला, हात न धुताच किल्ली घेतली आणि आम्ही निघालो. मागच्या चिंचोळ्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मी बसलो होतो. गाडी झकास धावत होती, आणि त्याचंच फार वाईट वाटत होतं. वाटेत मामींनी एकदाच विचारलं, "ही इतकी चांगली चालते?" मामांनी गिअर बदलला.

गावात पोचल्यावर त्यांनी गाडी बाहेर रस्त्यावरच थांबवली. भाचा धावत आला. "आत घ्या ना, काका," तो म्हणाला. फणसाखालची जागा मोकळी होती. लाकडांची मोळी, मोटारसायकल, सगळं पलीकडे दाटीवाटीने उभं होतं. "बाबा हय कोणाक कायएक ठेवूक देत नव्हते," भाचा म्हणाला. "रोज झाडून घेत. म्हणत, भावोजींची गाडी येतली."

मामांनी गाडी आत घेतली, त्या जागेवर उभी केली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. घरातून रडण्याचा आवाज येत होता. मामी आपल्या बाजूने कशाबशा उतरल्या, गाडीला धरत धरत वळसा घालून आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "उतरा आता. पोचलो आपण."

आम्ही तिथे बारा दिवस होतो. गाडीखाली थेंब पडला की नाही, ते कुणी वाकून पाहिलं नाही.